अट काढून बघ

चि. ओंकार,


तुझा निरोप वाचला. बारावीला गणितात ९७, आणि कॉलेजच्या पहिल्याच इंटर्नलला २० पैकी ७. वर ‘आत्या, माझा विषयच चुकला का?’ हा प्रश्न. फोनवर ‘होईल रे सगळं नीट’ यापलीकडे माझ्या तोंडून काही निघालं नसतं, म्हणून लिहितेय. बसमध्ये उभ्याउभ्या वाचू नकोस, कागद-पेन घेऊन बस.

विषय चुकलेला नाही. नाव तेच ठेवून आतला विषय बदललाय, आणि ते तुला कोणी सांगितलेलं नाही. सीईटीच्या गणितात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. दोन वर्षं क्लासमध्ये तुझा हात त्यासाठीच घडवला: प्रश्नाचा प्रकार ओळखायचा, सूत्र आठवायचं, पर्याय निवडायचा. हात चालायला हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एफवायचं अ‍ॅनालिसिस विचारतं ‘हे कशावरून?’, आणि तिथे वेगाचा उपयोग होत नाही. माझ्या नोकरीच्या काळात दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात बोर्डात चमकलेली मुलं असाच चेहरा करून स्टाफरूमच्या दारात उभी असायची. त्यांतली जी पुढे चांगली निघाली, त्यांना एक सवय लागली होती. बाकी सल्ले विसरलास तरी चालेल, ही एवढी सवय लावून घे.

कुठलंही प्रमेय समोर आलं की त्यातल्या अटी मोजायच्या. मग एकेक अट काढायची आणि काय मोडतं ते बघायचं.

कापरेकरांपासून सुरुवात करू, कारण तो खेळ तुला शाळेपासून माहीत आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पदवीपलीकडे गणिताचं औपचारिक शिक्षण नाही, तरी जगभर नाव झालं ते ६१७४ मुळे. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, वजाबाकी करायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतलीस तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केलंस तरी ६१७४च. विज्ञान प्रदर्शनात मुलं हे जादू म्हणून दाखवतात आणि टाळ्या घेतात. तू आता टाळ्यांच्या पुढे जा. सगळे अंक सारखे नसावेत ही अट काढ: ११११ घेतलं की पहिल्याच वजाबाकीत शून्य. ही अट सगळ्यांनाच दिसते. पण ‘चार अंकी’ हीसुद्धा अट आहे, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तीन अंक घे, ४९५ वर जाऊन थांबशील. दोन अंक घे, तर कुठेच थांबणार नाहीस: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असा गरगर फिरत राहशील. दोन अंकांत चक्र आणि तीन-चार अंकांत मुक्काम, असं का? हा प्रश्न पडला की गणित सुरू झालं.

आता तुझ्या अभ्यासक्रमातलं उदाहरण. वाढत जाणारी आणि वरून मर्यादा असलेली सीक्वेन्स कन्व्हर्ज होते. आकृतीत हे इतकं उघड दिसतं की सिद्धता कशाला, असं तुला वाटलं असणार. सिद्धतेच्या आधी अट शोध. हे विधान रिअल नंबर्सबद्दल आहे. ती अट काढ, फक्त रॅशनल संख्यांच्या जगात जा आणि १, १.४, १.४१, १.४१४, १.४१४२ असा चालत राहा. सगळ्या संख्या रॅशनल, सीक्वेन्स वाढती, २ च्या पुढे कधी जाणार नाही. तरी जिथे पोचायचं ते २ चं वर्गमूळ त्या जगात नाहीच. म्हणजे जे उघड वाटत होतं ते रिअल नंबर्सच्या एका खास गुणामुळे खरं होतं, आणि पहिल्या महिन्यात सर ज्या ‘लीस्ट अपर बाउंड’वर तास घालवत होते ते याचसाठी. तो तास तुला कंटाळवाणा वाटला, असं तूच लिहिलं होतंस.

तू पाठवलेला उत्तरपत्रिकेचा फोटो मोठा करून पाहिला. कंटिन्युइटीची व्याख्या तू लिहिलीस, सगळे शब्द आहेत, पण क्रम उलटा: ‘असा एक डेल्टा आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…’ सरांनी शून्य दिलं म्हणून रागावलायस. रागावू नकोस. तुझी व्याख्या खरी धरली तर त्या बिंदूच्या आसपास अगदी सपाट असलेली फंक्शन्सच कंटिन्युअस ठरतात, कारण एकदा ठरलेला डेल्टा कितीही लहान एप्सिलॉनला पुरायला हवा. साधं क्ष वर्गसुद्धा नापास होतं! प्रत्येक माणसाला आई असते. म्हणून एकच बाई सगळ्यांची आई होत नाही. ‘प्रत्येक’ आधी की ‘असा एक’ आधी, यावर अ‍ॅनालिसिसचा अर्धा अभ्यासक्रम उभा आहे.

आणि इथे अडखळणारा तू पहिला नाहीस. ऑग्युस्तँ कोशी, ज्याचं नाव तुला पुढची तीन वर्षं दर दोन पानांनी भेटेल, त्याने १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात एक प्रमेय दिलं: कंटिन्युअस फंक्शन्सची सिरीज कन्व्हर्ज झाली तर तिची बेरीजही कंटिन्युअस. सिद्धतेसकट. १८२६ मध्ये नॉर्वेच्या नील्स आबेलने आपल्या लेखातल्या एका तळटीपेत सांगितलं की याला अपवाद आहेत. त्याने दिलेली सिरीज अशी: साइन क्ष, उणे साइन २क्ष भागिले २, अधिक साइन ३क्ष भागिले ३, आणि असंच पुढे. क्ष जोवर उणे पाय आणि पाय यांच्या मध्ये आहे तोवर बेरीज येते क्ष भागिले २. पायच्या जवळ सरकत गेलास की बेरीज पायच्या निम्म्याकडे जाते. पण नेमकं क्ष बरोबर पाय घेतलंस तर प्रत्येक पद शून्य, म्हणून बेरीज शून्य. तिथे उडी आहे. प्रत्येक पद गुळगुळीत असून बेरीज तुटलेली! वही काढून हे स्वतः करून बघ, वाचून भागणार नाही.

कोशीसारखा माणूस चुकला कुठे? तुझ्याच जागी. प्रत्येक बिंदूसाठी वेगळं एन मिळतं, आणि सगळ्या बिंदूंना मिळून एक एन चालतं, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या नव्हत्या. दुसरीला आपण युनिफॉर्म कन्व्हर्जन्स म्हणतो. ती अट गणितज्ञांच्या नजरेत नीट यायला १८४० चं दशक उजाडलं. पुस्तकात ही व्याख्या आभाळातून पडल्यासारखी छापलेली असते, म्हणून पोरांना ती पाठ करावीशी वाटते. प्रत्यक्षात ती एका मोडलेल्या प्रमेयाची डागडुजी आहे. आबेल त्या वेळी तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता, आणि सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेलासुद्धा.

तर, एक जाड वही कर. नोट्सची वेगळी, ही फक्त प्रतिउदाहरणांची. पहिल्या पानावर हार्मोनिक सिरीज: पदं शून्याकडे जातात, तरी बेरजेला अंत नाही. मग शून्यापाशी टोक असलेलं क्षचं निरपेक्ष मूल्य, कंटिन्युअस पण तिथे डिफरन्शिएबल नाही. पुढे व्हायरश्ट्रासने १८७२ मध्ये मांडलेलं फंक्शन येईल, सगळीकडे कंटिन्युअस आणि कुठेच डिफरन्शिएबल नाही. दोन चलांत आलास की क्ष गुणिले य, भागिले (क्ष वर्ग अधिक य वर्ग): मूळबिंदूशी शून्य किंमत दिली की तिथे दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह आहेत, पण फंक्शन कंटिन्युअस नाही. ग्रुप थिअरीत लग्रांजचं प्रमेय शिकशील तेव्हा उलट विधान खरं आहे का विचार: ए-४ मध्ये १२ घटक, पण ६ घटकांचा सबग्रुप नाही. टीवाय संपेपर्यंत या वहीची पन्नास पानं भरली तरी पुष्कळ.

परीक्षेबद्दल सरळ बोलते, कारण मी पेपर काढलेत आणि तपासलेतही. आपल्याकडचे बरेचसे पेपर ‘स्टेट अँड प्रूव्ह’ वर चालतात. मागच्या पाच वर्षांचे पेपर घेतले, वीसेक थिअरम घोटली, की पहिला वर्ग कुठे जात नाही. हे फार सोपं आहे, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. फर्स्ट क्लासात बी.एस्सी. झालेली आणि एकही सिद्धता स्वतः न लिहिलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात त्यांचे फार हाल होतात. तू घोकंपट्टी परीक्षेआधीच्या आठवड्यापुरती ठेव. तेवढी करावी लागते, तत्त्वाच्या गोष्टी करून गुण घालवू नकोस. एरवी सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिट आणि स्वतः लिही. अडलास तर फक्त पुढची ओळ बघ, पुन्हा मिट. प्रत्येक अट सिद्धतेत कुठल्या ओळीत वापरली, तिथे पेन्सिलीने खूण कर. एखादी अट कुठेच वापरलेली दिसली नाही, तर एक तर तुला सिद्धता कळलेली नाही किंवा ती अट नको होती. दोन्ही शोध मोलाचे.

पुढे आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम द्यायची झाली तर याचा रोख फायदा आहे. तीन तास, ६० प्रश्न. त्यांत काहींना एकाहून अधिक पर्याय बरोबर असतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. ते पर्याय म्हणजे बहुतेक वेळा एकच विधान, एकेक अट काढून किंवा बदलून लिहिलेलं.

पुस्तकं फार नकोत. बार्टल-शेरबर्ट लायब्ररीत नक्की असेल, त्यावर वर्ष काढ. त्यासोबत अजित कुमार आणि कुमारेसन यांचं रिअल अ‍ॅनालिसिस. मुलांशी समोर बसून बोलावं तसं लिहिलंय. आयआयटी मुंबईच्या घोरपडे-लिमये यांचं कॅल्क्युलसचं पुस्तक एसवायला घे. रुडिनचं पुस्तक कुणीतरी मोठेपणाने तुझ्या हातात ठेवेल. कपाटात ठेव, अजून वेळ आहे. लिनीअर अल्जेब्राला मात्र हलकं समजू नकोस. डिटरमिनंटची आकडेमोड म्हणून ती उरकली की पुढे सगळीकडे, अगदी त्या डेटा सायन्समध्येही, तेच आडवं येतं.

पुण्यात राहतोयस त्याचा उपयोग करून घे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान तुझ्या खोलीपासून लांब नाही. अमेरिकेत पर्ड्यूला प्राध्यापक असलेल्या आणि बीजभूमितीत जगभर मान असलेल्या त्या माणसाने ते उभं केलं. तिथल्या व्याख्यानांना जा. सुरुवातीला पाव समजलं तरी बस. स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा केंद्र मिळून माधव गणित स्पर्धा घेतात, तिचे जुने पेपर सोडव, गुणांचा विचार न करता. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला एमटीटीएसचा उन्हाळी वर्ग आहे, त्याला अर्ज कर. आणि एक मित्र शोध, हुशार नसला तरी चालेल, पण ‘थांब, हे कसं आलं?’ असं विचारायला न लाजणारा. त्याला फळ्यावर समजावून सांग, मराठीत सांग. बोलताना जिथे अडखळशील तिथेच तुला कळलेलं नसतं.

राहता राहिलं ‘गणित करून पुढे काय?’ दादाचा मला दोनदा फोन आला याबद्दल. खरं ते सांगते: नुसत्या बी.एस्सी.वर मोठं काही मिळत नाही. एम.एस्सी. आणि सेट-नेट करून प्राध्यापकी आहे, पण जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात आणि तासिका तत्त्वावर राबणारे माझे विद्यार्थी मला ठाऊक आहेत. बी.एड. करून शिक्षक होता येतं. अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा लांबलचक आहेत, पण गणिताच्या मुलाला त्या जमतात. स्टॅटिस्टिक्स, कोडिंग या वाटा आहेत. त्यासाठी पायथन शीक, जरूर शीक, पण संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सेसच्या नादी लागून अ‍ॅनालिसिस बुडवू नकोस. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. तो निर्णय टीवायला घे, आत्ता त्यावर झोप घालवायची गरज नाही. दादाशी मी बोलते.

एक काम देते. रोलच्या प्रमेयात तीन अटी आहेत: बंद अंतरालावर कंटिन्युइटी, आतल्या भागात डिफरन्शिएबिलिटी आणि दोन्ही टोकांना सारखी किंमत. एका वेळी एकच अट मोडायची, बाकी दोन तशाच ठेवायच्या, आणि निष्कर्ष खोटा ठरेल असं एकेक फंक्शन शोधायचं. इंटरनेटवर बघू नकोस. तीन फंक्शन्स, आकृत्यांसह, स्वतःच्या हाताने लिहून पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
आत्या