चौकट तीच, ऋतू बदलता

प्रश्न : पुण्याचे ऋतू वर्षभर टिपायचे आहेत. मोबाइलवर रोज फोटो काढते, पण सगळे पोस्टकार्डासारखे दिसतात. काय चुकतं?

उत्तर : रोज नवी जागा शोधली की असं होतं. ऋतू दिसायला जागा तीच राहावी लागते. छायाचित्रकार योसेफ सुडेक यांनी १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरची वाफ, बर्फ, बाहेरचं वाकडं झाड. एवढ्यावर त्यांनी अवघं वर्ष उभं केलं.

पुण्यात अशी खिडकी म्हणजे बाबा भिडे पूल. उन्हाळ्यात मुठेचं पात्र आटलेलं. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पूलच पाण्याखाली. महिन्यातून दोनदा त्याच ठिकाणाहून, त्याच वेळी फोटो घ्यावा. पुरात मात्र लांबूनच.

माणसांसाठी मंडई. चैत्रातल्या सकाळी फुलवालीपुढचा मोगऱ्याचा ढीग मोबाइल हमखास करडा करतो, कारण तो प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतो. स्क्रीनवर त्या ढिगावर बोट टेकवावं, शेजारची सूर्याची खूण किंचित वर सरकवावी. पाकळ्यांवरचं पाणीसुद्धा दिसू लागतं. आधी गजरा घ्यावा, दोन शब्द बोलावेत, विचारावं, मगच फोटो. गुपचूप काढलेल्या फोटोत ती ऊब क्वचितच उतरते.

पावसाला काळी पार्श्वभूमी हवी : छत्री, वाड्याचं जुनं दार. प्रो मोडमध्ये शटर १/५०० ठेवलं तर थेंब थांबल्यासारखे दिसतात, १/३० ला त्यांच्या रेघा होतात. आषाढसरींना रेघाच शोभतात.