आरोळी, किंकाळी, हंबरडा : इंग्रजी क्रियापदांचा एक धडा

इतिहास हा माझा विषय. परंतु निवासी शाळेत जो तास रिकामा पडेल तो शिक्षकाला सांभाळावा लागतो. त्यामुळे काही वर्षे इंग्रजीही माझ्याकडे होते. त्या काळात आठवीतील एका विद्यार्थ्याने आजोबांच्या निधनावर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत निबंध लिहिला. मराठीत वाक्य होते, 'आजीने हंबरडा फोडला.' इंग्रजीत ते झाले, 'ग्रँडमदर शाउटेड.' वाचणाऱ्यास वाटावे, घरात मयत झालेली असताना म्हातारी कोणावर तरी ओरडली. व्याकरणाची चूक नव्हती, त्यामुळे गुण कशाचे कापावेत हे मलाही उमजेना. दुःख मात्र वाक्यातून निसटले होते.

दोष त्या मुलाचा नव्हता. आपली मराठी आवाजाचे नाम करते आणि त्याला दुसरे क्रियापद जोडते : हाक मारतो, आरोळी ठोकतो, किंकाळी फोडतो, टाहो फोडतो. इंग्रजी हे सारे एकाच क्रियापदात भरते. त्यामुळे मराठी मूल नाम विसरते आणि हाताशी असलेले 'शाउट' सर्वत्र वापरते.

'शाउट' म्हणजे मोठ्याने बोलणे वा हाक देणे. त्यात शब्द ऐकू येतात आणि पट्टी उंच असलीच पाहिजे असे नाही. 'येल' त्याहून मोकळे व उग्र, आपल्या आरोळीजवळचे. 'स्क्रीम' ही किंकाळी : भय, वेदना, क्वचित अत्यानंद. 'श्रीक' तिच्याहून आखूड आणि तीक्ष्ण, अकस्मात निघणारी. पायाखाली साप दिसल्यावर निघते तशी. 'स्क्रीच' कर्कश असते. एस.टी.ने घाटात करकचून ब्रेक दाबले की ऐकू येते ते स्क्रीच. 'स्क्वील' बारीक आणि लांबत जाणारे. डुकराच्या पिलाचे, किंवा सुट्टी जाहीर झाल्यावर आमच्या पाचवीच्या वर्गाचे! काठी बसलेल्या कुत्र्याचे तुटक केकाटणे म्हणजे 'येल्प', लांडग्याचा लांबलचक सूर म्हणजे 'हाउल'. श्रीक आणि स्क्रीच ही एकाच कुळातील भावंडे; उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेशी त्यांचे नाते सांगतात. उच्चारतानाच दातांतून ध्वनी घासत जातो. आपल्या टिटवीनेही स्वतःचे नाव असेच आपल्या आवाजातून मिळवले आहे.

आणि हंबरडा? हंबरणे गायीचे. वासरासाठी व्याकूळ झालेल्या गायीचा आवाज मराठीने माणसाच्या शोकाला दिला. इंग्रजीत गायीच्या हंबरण्याला 'लो' म्हणतात, पण ते क्रियापद माणसाच्या रडण्याला चालत नाही. तेथे 'वेल' हवे : मोठा, लांबणारा, चढउतार होत जाणारा शोकस्वर. शब्दशः भाषांतर केले असते तर मुलाच्या हाती गोठाच आला असता.

शब्दांची ही निवड केवळ परीक्षेपुरती नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सांगावेसे वाटते. पूर्वी गावात दवंडी देणे, सांगावा पोचविणे, मयताची खबर परगावी नेणे ही कामे महारांकडे असत. साऱ्या गावाचा निरोप ज्या गळ्यातून फिरे, त्याच गळ्याने स्वतःचे गाऱ्हाणे मांडले की ती 'बोंब' ठरे. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना त्या काळी मुके म्हटले जाई, त्यांचा कंठ किती वापरला गेला होता, हे दवंडीवरून ध्यानात येते.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी एका पालकासाठी मी तक्रारअर्ज लिहून दिला. त्यात वाक्य होते, 'मुलीने किंकाळी फोडली म्हणून शेजारी धावत आले.' कार्यालयात त्याचा गोषवारा तयार झाला तेव्हा तेथे उतरले, 'मुलीने आरडाओरडा केला.' किंकाळी फोडणारी भ्यालेली असते. आरडाओरडा करणारी भांडखोर वाटते. एका शब्दासरशी फिर्यादी मुलगी भांडणातली एक बाजू होऊन बसली. आम्ही लेखी हरकत घेतली आणि तिसऱ्या खेपेस मूळ शब्द परत आला. त्या कारकुनाच्या मनात काही वाईट असेलच असे नाही. त्यालाही बहुधा कोणी हा धडा शिकविला नसावा.

तेव्हापासून मी वर्गात एक सराव घेत असे. संध्याकाळच्या वंदनेनंतर मुलांनी पाच मिनिटे स्वस्थ बसून कानी आलेले आवाज वहीत मराठीत टिपायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना इंग्रजी क्रियापदे शोधायची. मोराच्या केकेला 'स्क्रीम' लावायचे की 'स्क्रीच', यावर एकदा अख्खा तास गेला. दोन्ही चालतात, असे सांगूनही कोणी ऐकेना.

त्या आठवीतल्या मुलाला मी 'वेल' हा शब्द दिला होता. त्याने विचारले, 'सर, हे थोडा वेळ की पुष्कळ वेळ?' मी म्हणालो, पुष्कळ वेळ. त्याने 'शाउटेड' खोडले, 'वेल्ड' लिहिले, आणि माझ्याकडे न पाहता पुढे आणखी दोन शब्द जोडले : 'टिल मॉर्निंग.'