पहिले आठ दिवस पुस्तक उघडू नकोस

परवा भाचीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर काठी घेऊन कुरडया राखत बसले होते. म्हणाली, "मावशी, लागली बघ नोकरी! सिस्टरांची शाळा, इंग्लिश मीडियम, पहिलीचा वर्ग. ईस्टर झाला की सोमवारी हजर व्हायचंय." वर्ग सजवायला तिने कागदाची फुलपाखरं कापून ठेवली होती. पहिल्या दिवसाचं टाचणही तयार, मिनिटामिनिटाचं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "फुलपाखरं लाव हवी तर. पण पहिले आठ दिवस पुस्तक उघडू नकोस." तेवढ्यात कावळा आलाच, आणि बोलणं तिथंच राहिलं. उरलेलं तिला लिहून काढते.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. मिशनच्या मराठी शाळेत शिकले, डी.एड. झाल्यावर तिथंच तीन वर्षं शिकवलं. मग जिल्हा परिषदेच्या नोकरीनं माणदेशात, म्हसवडला आणून सोडलं. निवृत्त झाले तरी इथून हलले नाही. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं. राज्याच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. म्हणजे ईस्टर आम्हाला वर्षअखेरीला भेटायचा. 2025 साली तर 20 एप्रिलला ईस्टर आणि त्याच्या मागंपुढं वार्षिक परीक्षा. तुझ्या शाळेचं वर्ष मात्र एप्रिलातच सुरू होतं. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सरला, उत्तम शुक्रवार झाला, शनिवारच्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटली की लगेच पाटी कोरी. सिस्टरांना हे जुळून आल्यासारखं वाटत असेल. पोरांना काय, कालच्या परीक्षेची शाई अजून बोटांवर असते.

आधी कॅलेंडर घे. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कुठंही येते. हिशेब चंद्राचा आहे. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यापुढचा रविवार. म्हणून बहुतेक वर्षी तो आपल्या हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. 2023 ला हनुमान जयंती 6 एप्रिलला, ईस्टर 9 ला. यंदा 2026 ला जयंती 2 एप्रिलला, ईस्टर 5 ला. 2024 सारख्या वर्षी मात्र होळीच्या पौर्णिमेनंतरच, 31 मार्चला येऊन गेला. हे तुला अशासाठी सांगते की चर्चचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर एकाच चंद्राकडे बघतात. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा, द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात. मग खरसुंडीला सिद्धनाथाची चैत्र यात्रा. माण-आटपाडीकडचं घर या दिवसांत घरात नसतं. तुझ्या पटावर तीस नावं असतील आणि बाकांवर सतरा पोरं. घाबरू नकोस आणि चिठ्ठ्याही पाठवू नकोस. गुलाल धुऊन येतील.

आणि जी येतील ती कुठून येतील तेही बघ.

आमच्या म्हसवडच्या शाळेत फेब्रुवारी-मार्चपासून पोरं परत यायला लागायची. कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या उलटायच्या. आई-बाप मिळून एक कोयता, आणि फडात पोरं वाढं बांधायला. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, शिक्षण हमी कार्डं दिली, पण आजी नसलेल्या घरातलं पोर फडावर जायचंच. एका वर्षी असाच एक मुलगा एप्रिलात दारात उभा राहिला. तळहातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा, पायात बापाच्या चपला. माझी तेव्हा उजळणी चालली होती. मी त्याला हातच्याची बेरीज विचारली, तो गप्प. दुसरी विचारली, तरी गप्प. पोरं हसली. दुपारी मी त्याला जवळ बसवून विचारलं, एका गाडीत मोळ्या किती बसतात रे? तो बोलायला लागला तो थांबेचना. गाडीत किती, रचायच्या कशा, काट्यावरच्या पावतीत भरल्या गाडीचं वजन कुठं असतं, रिकाम्या गाडीचं कुठं, आणि वजा केल्यावर काय उरतं. चार आकडी वजाबाकी होती ती, हातच्यासकट. मी फळ्यावर जी बेरीज विचारत होते ती त्याच्यापुढं काहीच नव्हती. त्या दिवशी मी पुस्तक मिटलं, आणि पुढं दरवर्षी पहिला आठवडा मिटलेलंच ठेवलं.

तू म्हणशील, माझ्या शाळेत ऊसतोडीची पोरं कुठून येणार, फी कोण भरणार. बरोबर. तुझ्याकडे गलाईवाल्यांची येतील. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर, पार तमिळनाडूपर्यंत पसरली आहेत. पोर तिकडंच जन्मतं, तिकडंच बालवाडीत जातं, आणि मग आजी-आजोबांकडे शिकायला म्हणून एप्रिलात इकडं येतं. त्याला इंग्रजी अक्षरं येतात, तमिळ फडाफडा येतं, आणि "डबा काढा" म्हटलं की कळत नाही. त्याला मठ्ठ समजू नकोस. कमी बोलणाऱ्या पोराला भाषा येत नाही की बोलायचं नाही, हे ओळखायला आठ दिवस लागतात. तेवढ्यासाठीच ते आठ दिवस.

आता या पोरांच्या कागदांचं. हा माझा सगळ्यात महागाचा कानमंत्र आहे, नीट ऐक. तमिळनाडूकडच्या दाखल्यावर पुष्कळदा आडनाव नसतंच. मुलाचं नाव, आणि बापाच्या नावाचं एक आद्याक्षर. आपल्याकडचा बाबू त्या अक्षराचं काहीतरी करून टाकतो. जनरल रजिस्टरला नाव चढवायचं काम तुझ्याकडे आलं तर पहिल्या दिवशी पेन हातात धरू नकोस. शिसपेन्सिलीनं यादी कर. जन्मदाखला आणि आधार दोन्ही समोर ठेव, बापाला स्पेलिंग मोठ्यानं वाचून दाखव, मगच शाई. मी एकदा घाईत एका मुलीची जन्मतारीख 1 ऐवजी 11 लिहिली होती. दहावीच्या फॉर्मच्या वेळी तिचा बाप माझ्या घरी आला, शेतातली कामं सोडून तो चार वेळा तालुक्याला हेलपाटे घालून आला होता. चहा घेतला नाही त्याने. रागावलाही नाही, हेच मला अजून बोचतं.

पहिल्या तासाला शिक्षक हमखास एक प्रश्न विचारतात: सुट्टीत काय केलं? तो विचारूच नकोस. ईस्टरला नवे कपडे घेतले का, अंडी रंगवली का, हेही नको. कॅथलिक शाळा म्हणून सगळी पोरं कॅथलिक असतात असं थोडंच आहे. आमच्या नगरकडच्या मिशन शाळांतही नव्हती. एकजण महाबळेश्वरचं सांगेल, दुसरा केक सांगेल, आणि मागच्या बाकावरचा खाली बघत बसेल. त्यापेक्षा विचार, तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं? याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. कुणी आजी म्हणेल, कुणी दूधवाला बाप, कुणी म्हणेल कोंबडा. पाच मिनिटांत तुला घरोघरची चूल दिसते. ज्या पोरानं "मीच" म्हटलं त्याचं नाव वहीत लिहून ठेव, आणि सकाळच्या तासाला त्याला जांभई आली तर बोलू नकोस.

ईस्टर वर्गात आणायचाच असेल तर मेणबत्तीच्या वाटेनं आण. पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस असतो, ग्रीक बाराखडीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर असतं, आणि चालू वर्षाचे चार आकडे असतात. लहानपणी मिस्सात माझं लक्ष त्या आकड्यांवरच असायचं, कारण तेवढंच मला वाचता यायचं. फादरांना विचारून पोरांना रांगेनं चर्चमध्ये ने, लांबून बघू दे, आणि परत येऊन पाटीवर ते चार आकडे काढायला लाव. कुठल्याही धर्माच्या पोराला जमतं. प्रार्थनेच्या वेळी शेजारच्याचं बघून एखादा बिरोबाचा भक्त क्रूसाची खूण उलटी करेल. करू दे. हसू नकोस आणि सुधारूही नकोस, पोरं शेजाऱ्याचं बघूनच शिकतात.

मेणबत्तीवरून आठवलं. ईस्टरच्या रात्री पाण्याला आशीर्वाद देतात आणि माणसं ते बाटलीत भरून घरी नेतात. मिशन शाळेत माझ्या पहिलीतल्या एका मुलीनं दप्तरात तशी एक छोटी बाटली आणली होती. आजीनं बाईंसाठी दिलेली. दुसऱ्या तासाला शेजारच्या पोराला तहान लागली आणि त्यानं ती घटाघटा पिऊन टाकली. मुलगी रडायला लागली. मी फादरांकडे गेले, तर ते म्हणाले, तहानलेल्याच्याच पोटात गेलं ना?

मुद्दा तहानेचा. माणदेशात एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते. आम्ही शाळा सकाळची करायचो, पण तुझी दुपारपर्यंत चालेल. पोरं खेळताना पाणी पीत नाहीत, आणि मुली तर दिवसभर पीत नाहीत. का, ते मोरीत जाऊन बघ. कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, हे पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तू स्वतः तपास. कडी नसेल तर सुतळीचा फास तरी करून घे आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सिस्टरांच्या मागं लाग. केरळात 2019 मध्ये शाळांतून पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. तुझ्याकडे नसेल तर प्रत्येक तास संपताना तूच सगळ्यांसमोर दोन घोट पी. माठ ठेवलास तर खाली वाळू घाल आणि वाळू ओली राख, आणि ओगराळं लांब दांड्याचं घे, नाहीतर तिसऱ्या दिवशी माठात खडू सापडेल. मला सापडला होता.

दुष्काळातल्या वर्षाचं एक सांगते. 2019 च्या जानेवारीत माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला चारा छावणी उघडली. गावोगावची माणसं जनावरं घेऊन आली आणि तिथंच राहिली, कुठं पाल, कुठं नुसती शेडनेट. माझ्या वर्गातली दोन पोरं गैरहजर म्हणून मी त्यांच्या वस्तीवर गेले, तर दाराला कुलूप. शेवटी छावणीत सापडली, खिलार गाईच्या पाठीला टेकून. एक जण गाईच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढत होता. केस उलटे फिरवले की अक्षर दिसतं, हात फिरवला की पुसतं. मी शाळेतून पाटी आणून देणार होते. त्याची आई म्हणाली, बाई, पाटी हाय की, आणि गाईकडे बोट केलं. हजेरीपटावर मी त्या दिवशी काय मांडलं ते विचारू नकोस.

म्हणून तुला सांगते, यात्रा सरल्यावरही जे पोर गैरहजर राहील त्याच्या घरी जा. शाळा मोठी असो, गणवेशाला टाय असो, तरी जा. फोन करू नकोस, फोनवर सगळेच "ताप आहे" म्हणतात. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस आणि फारही नेऊ नकोस. वर्गात त्या दिवशी पोरांनी काढलेलं एखादं चित्र ने. उंबऱ्याबाहेरूनच बोल. आत बोलावलं तर बस, पाणी घे, चहाला नाही म्हण. घरात काय कमी आहे ते नजरेनं बघू नकोस, ते त्यांना कळतं.

किरकोळ गोष्टी राहिल्या. पर्समध्ये सुईदोरा, चार सेफ्टी पिना आणि एक जादा रुमाल ठेव, पहिलीच्या बाईला हे खडूपेक्षा जास्त लागतं. नवी साडी पहिल्या दिवशी नको, कुणीतरी ओकणारच. रडणाऱ्या पोराच्या आईला "तुम्ही जा" असं फाटकात सांगू नकोस. तिला हजेरीपट धरायला दे, दहा मिनिटांनी ती आपण होऊन जाईल. आणि शाळेतल्या मावशींना पहिल्या दिवशी नावानं हाक मार, मागं "ताई" लावून. कुठलं पोर कुणाच्या हाती सोडायचं नाही, हे सिस्टरांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

रविवारी मिस्सा झाला की फोन कर. कुरडया झाल्यात, तुझ्या डब्याला थोड्या पाठवते. एसटीनं पाठवू की कुणी येणार आहे तिकडून, तेवढं कळव.