घोडी म्हणजे कांद्याची गोणी नव्हे

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी घेऊन गेवराईकडे निघण्याआधीच मी पिकअपवाल्याला सगळं सांगितलं होतं. रबरी मॅट घोडीच्या पायाखाली अंथर, दावं फार आखूड नको, वाटेत दुसरा माल घेऊ नको. मॅट माझी, पैसे माझे. "दादा, मी जनावरंच वाहतो," एवढं बोलून त्याने फाळका लावला. त्याची जनावरं म्हणजे शेळ्या, हे मला पुढे धुळ्याच्या ढाब्यावर त्याच्याच तोंडून कळलं.

त्याच ढाब्यावर माझं जेवण होईपर्यंत त्याने कांद्याच्या गोण्या चढवल्या. मी चिडलो, तर म्हणतो, "तुम्ही पैसे घोडीचे दिलेत, गाडीचे नाही." अंधार पडत होता, रस्त्यात दुसरी गाडी कुठून आणणार? निघालो.

चाळीसगाव सोडून आउट्रम घाट चढायला लागलो आणि मागचा आवाज बदलला. तोवर पत्र्यावर टापांची टकटक येत होती. घोडी पाय उचलून तोल सावरते, त्याचा तो आवाज. आता खरडल्यासारखा लांब आवाज येऊ लागला आणि पाठोपाठ फाळक्यावर धाडकन काहीतरी आदळलं. "थांबव" म्हणालो. "घाटात थांबता येत नाही," म्हणाला. खाली पाय टाकायला दार उघडलं, तेव्हा थांबला.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं. घोडी मागे सरकून फाळक्याला टेकलेली, मागचे पाय लोखंडी पत्र्यावर फाकलेले, म्होरकी जबड्यात रुतलेली, कारण दावं केबिनच्या गजाला हातभर अंतरावर निरगाठीने बांधलेलं. आणि मॅट? मॅट गोण्यांखाली होती. कांदा ओलसर पत्र्याला लागू नये म्हणून! गाठ सुटेना, शेवटी विळ्याने दावं कापलं. हा शहाणा बाजूला उभा राहून म्हणतो, "काय होतंय ओ तिला, जनावर हाय."

काय होतं ते आता ऐका. मारवाडी घोडी असते साधारण साडेतीनशे-चारशे किलोची. टनभर माल ओढणाऱ्या पिकअपला ते वजन काहीच नाही, म्हणून ड्रायव्हर निर्धास्त असतात. पण घोडी उभी असते आणि तिचं सगळं वजन चार काठ्यांवर उंच तोललेलं असतं. त्यातही निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर. करकचून ब्रेक मारला की ती तोंडावर जाते, वळण जोरात घेतलं की तिच्यासोबत गाडीही कलते. परदेशात यासाठी गाडीमागे वेगळा ट्रेलर जोडतात, मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या घोड्यांना खास व्हॅन असते. आपल्याकडे पिकअपच, तेव्हा पिकअपच नीट तयार करायची. पत्र्यावर मॅट, मॅट नसेल तर माती किंवा वाळू, वर ओलं केलेलं पोतं. दोन्ही बाजूंना घोडीच्या छातीच्या वर जातील असे आडवे बांबू, अंगाला घासणाऱ्या प्रत्येक हुकाला गोणपाट गुंडाळलेलं. समोरून वारा अडवा, मागून मात्र हवा खेळू द्या. ताडपत्रीने सगळं बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावं!

दाव्याचं नीट लक्षात ठेवा. गाठ सुरगाठच हवी, एका ओढीत सुटणारी. लांबी एवढी की मान खाली येईल, पण पाय दाव्यात अडकणार नाही. मान तासन् तास वर बांधून ठेवली की श्वासनळीतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, फुफ्फुसात उतरते. माझ्या घोडीला घरी आल्यावर तेच झालं. खोकला, ताप, वैरणीला तोंड लावीना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मान वर बांधली होती का?" म्हणून तीन-चार तासांनी थांबायचं, दावं सोडून मान खाली घेऊ द्यायची, पाणी दाखवायचं. निघण्याआधी हरभरा, दाणा देऊ नका. घोड्याला उलटी होत नाही, पोट फुगलं तर जीव जातो. वाळलं गवत चालेल.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्यातच उतरायचा. टायर, स्टेपनी, ब्रेक बघून घ्या, हे काय वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर ओळखीचा घ्या, असंही सगळे सांगतात. माझा ओळखीचाच होता.

कायदाही आहे. जनावरं नेणाऱ्या गाडीत 2016 पासून घोड्यासाठी सव्वादोन चौरस मीटरचा स्वतंत्र कप्पा लागतो आणि त्याच गाडीत दुसरा माल भरता येत नाही. म्हणजे कांदे चढवणं नुसता आगाऊपणा नव्हता, बेकायदा होतं. पशुवैद्यकाचा दाखला आणि बाजाराची पावती खिशात असू द्या, डिकीत नको.

आणल्यावर लगेच इतर जनावरांत मिसळू नका. रोज सकाळी ताप मोजा. साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या वर गेला तर वाट न बघता डॉक्टर बोलवा.

औषधांचं बिल मी त्याला नेऊन दाखवलं. "घोडी आधीच आजारी असंल," म्हणाला. गावातले चार लोकही त्याच्याच बाजूने, कारण ऊसतोडीच्या हंगामात त्याची गाडी सगळ्यांनाच लागते. भाडं मात्र त्याने गेवराईच्या अलीकडेच मोजून घेतलं होतं, घोडी उतरायच्या आधी. तेव्हा भाडं ठरवताना कागदावर लिहून घ्या: अर्धं चढवताना, अर्धं घोडी खाली उतरवून, दहा-वीस पावलं चालवून बघितल्यावर. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा, बाजारात रांगेने उभ्या असतात.