ओट्याचं माप कोपरावरून : लाकडी फळी आणि कपाट घरच्या घरी



अंतर्गत कर्जाच्या अर्जात ‘घरदुरुस्ती’ असं लिहिलेलं दिसलं, की मी विचारते, नेमकं काय करायचंय? बऱ्याचदा उत्तर येतं, स्वयंपाकघर. ओटा करायचा, भांड्यांना कपाट करायचं. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता ती फेडणार, पण ओट्याची उंची ठरवतो गवंडी. त्याचं माप ठरलेलं, पावणेतीन फूट. मग बाई पावणेपाच फुटांची असो की साडेपाच. उंच ओट्यावर कणीक मळताना खांदे वर उचलावे लागतात, बुटक्या ओट्यावर कंबर वाकते, आणि दुखणं ‘वयामुळे’ म्हणून खपून जातं.

म्हणून सामान आणण्याआधी माप घ्या. अनवाणी, सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि शेजारणीला जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला सांगा. समजा ३७ इंच आलं. भाजी चिरायला त्यापेक्षा ४ इंच खाली, म्हणजे ३३ इंच चालतं. मळायला अंगाचा जोर लागतो, तिथे ६ इंच खाली, म्हणजे ३१ बरं. शेगडीची स्वतःची उंची असते, तिच्यावर भांडं चढतं, म्हणून शेगडीची जागा आणखी खाली हवी. मात्र रेग्युलेटरसकट सिलिंडर मोजून बघा. शेगडी सिलिंडरच्या वरच राहिली पाहिजे.

घरात सासू-सून दोघी रांधत असतील तर माप कोणाचं? माझं मत, बुटकीचं. उंच बाई फळीवर जाड पाट ठेवून काम करू शकते. बुटकीला ओटा कापता येत नाही.

दगडी ओटा आधीच असेल तर तो फोडू नका. शेगडी आणि मोरीकडची बाजू दगडाचीच राहू द्या. लाकूड हवं ते कोरड्या बाजूला, मळायला-चिरायला. घरकुलात किमान जागाच २५ चौरस मीटर, त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली. तिथे चार फूट लांब, दोन फूट रुंद फळी आणि तिच्याखाली कपाट एवढंही पुष्कळ झालं.

वरच्या फळीला दीड इंच जाडीचं, चांगलं वाळलेलं सागवान किंवा बाभूळ घ्या. आंबा स्वस्त पडतो, पण कीड लवकर लागते. खालच्या खोक्याला प्लायवूड. दुकानदाराला ‘वॉटरप्रूफ’ एवढंच विचारू नका, शीटवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का आहे का ते बघा. भुशाचा दाबलेला बोर्ड दिसायला गुळगुळीत असतो, पण पाणी लागलं की पावासारखा फुगतो. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची मिळते. मुलांच्या चौकटीच्या वहीत आठ बाय चार चौकोन आखा आणि कपाटाच्या बाजू, तळ, कप्पा, दारं त्यात बसवून बघा. तो कागद घेऊनच दुकानात जा आणि तिथेच कापून घ्या. पक्की पावती मागा, गटाच्या फाइलला लागते.

बसवताना आधी जमिनीची पाणसळ. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना खुणा केल्या की जमीन कुठे खचलीय ते कळतं. सगळ्यात उंच जागेवर खोकं ठेवा आणि बाकीच्या पायांखाली पाचर द्या. दारं तिरकी लागतात ती बहुधा इथे घाई केल्यामुळे. पायांखाली कडप्प्याचे तुकडे ठेवा, म्हणजे फरशीची ओल आणि वाळवी थेट लाकडाला लागणार नाही.

फळी खालून स्क्रूने धरायची, पण खोक्यातली भोकं स्क्रूपेक्षा जरा मोठी ठेवा आणि वायसर घाला. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं. जागा मिळाली नाही तर फळी चिरते किंवा वाकते. भिंतीकडेही पाव इंच फट सोडा. गवंडी ती सिमेंटने भरू म्हणेल, भरू देऊ नका. वरून पातळ पट्टी लावली की झालं.

भिंतीवरचं कपाट फक्त पक्क्या विटांच्या भिंतीवर. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, तिथे उभं कपाटच करा. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आतून वायर गेलेली असते. कपाटाचा तळ फळीपासून दीड फूट वर ठेवा, आणि शेगडीच्या डोक्यावर कपाट नको.

सिलिंडर बंद कपाटात ठेवायचा मोह होतो, झाकला की छान दिसतो म्हणून. पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तळाशी साचतो आणि बंद दारामागे वासही उशिरा येतो. सिलिंडर उभा आणि मोकळ्यावरच ठेवा. त्या कप्प्याला दार लावूच नका.

शेवटचं काम तेलाचं. फळी पॉलिश पेपरने घासून साधं जवसाचं तेल लावा. रंगकामाचं ‘डबल बॉईल’ तेल नको, त्यात लवकर वाळावं म्हणून इतर द्रव्यं घातलेली असतात आणि आपल्याला त्यावर कणीक मळायचीय. तेल सगळ्या बाजूंनी लावा, खालून आणि कापलेल्या टोकांना तर नक्की, कारण पाणी तिथूनच शिरतं. हात पातळ द्या, जादाचं तेल पुसून घ्या, आठवडाभर वाळू द्या, मग दुसरा हात.

तेल पुसलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती अंगणात मोकळी पसरून कडक वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.