एका ओळीने सरकलेले नाव

विद्यापीठीय व्यवहारात खासगीपणा आणि सायबर सुरक्षा हे शब्द जोडीने वापरले जातात, परंतु त्यांचा अर्थ एक नाही. विद्यार्थ्याची कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ जवळ ठेवावी हा खासगीपणाचा प्रश्न आहे. ठेवलेली माहिती परक्याच्या हाती पडू नये यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे सुरक्षा. पहिला प्रश्न कार्यालयाच्या रोजच्या सवयींचा असल्यामुळे यंत्रे विकत घेऊन तो सुटत नाही, आणि तरीही तो संगणक विभागाकडे ढकलला जातो.

नाशिकला या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे, कारण १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मधील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या राज्यव्यापी संस्था येथून चालतात. दूरशिक्षणाचा विद्यार्थी विद्यापीठाला अभ्यासकेंद्र आणि संकेतस्थळ यांच्यापुरताच ओळखत असल्याने, विद्यापीठाच्या नावाने आलेला फोन खरा की खोटा हे विचारायला त्याला जवळ खिडकी नसते. पुढील प्रसंग मात्र या दोन्ही विद्यापीठांतील नसून शहरातील एका महाविद्यालयातील आहे, आणि तेथे खिडकी होती.

शिष्यवृत्तीच्या पडताळणीसाठी प्रस्तुत लेखकाने तेथे एक तक्ता तयार केला होता, ज्यात पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी, बँक खाते आणि आईचे नाव असे रकाने होते. तो केवळ कार्यालयीन वापरासाठी असल्याचे लेखी कळवूनही वरिष्ठांनी ‘मुलांनी आपापली माहिती तपासावी’ म्हणून तो जसाच्या तसा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. थोड्याच दिवसांत एका विद्यार्थिनीला फोन आला. बोलणाऱ्याने तिचा पीआरएन आणि खात्याचे शेवटचे अंक बिनचूक सांगितले, आईचे नाव मात्र चुकीचे सांगितले. तिने चूक दाखवताच ‘नावात तफावत आहे, म्हणूनच तर रक्कम अडकली आहे’ असे उत्तर आले, ते पटल्यामुळे तिने ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, सांगितला आणि वसतिगृहाच्या शुल्कासाठी साठवलेले पैसे गेले.

ते चुकीचे नाव ऐकताच लेखकाला सगळा उलगडा झाला. तक्ता भरताना एका ठिकाणी खालच्या ओळीतील आईचे नाव वरच्या ओळीत सरकले होते, आणि ही चूक त्या तक्त्याखेरीज जगात कोठेही असणे शक्य नव्हते. चूक लेखकाची होती, हे येथे नाकारायचे नाही. परंतु तिच्यामुळेच गळतीचा उगम सिद्ध झाला, हे चौकशी समितीला अखेरपर्यंत पटले नाही. समितीने ‘विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा’ असा निष्कर्ष काढला, आणि तक्रार लेखी नोंदवणाऱ्यालाच संस्थेच्या बदनामीबद्दल कारणे दाखवा नोटीस दिली.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेची ९४,१९५ प्रवेशपत्रे टेलिग्रामवर पसरली, तेव्हा संकेतस्थळाच्या दुव्यातील त्रुटीची चर्चा झाली. महाविद्यालयातील या प्रसंगात मात्र कोणतीही तांत्रिक त्रुटी नव्हती. एका बोटाने ‘फॉरवर्ड’ दाबले होते, एवढेच.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती जमवणाऱ्या संस्थेवर तिच्या रक्षणाचे दायित्व टाकतो आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. संस्थाचालकांना दंडाचा आकडा लगेच समजतो, म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात तेथूनच करावी.

ज्याला विद्यार्थ्यांची माहिती हाताळायची आहे, त्याने सामायिक तक्ता कधीही ग्रुपवर जाऊ देऊ नये. प्रत्येकाला केवळ त्याचीच नोंद दिसेल अशी सोय करावी, आणि आधारचे शेवटचे चार अंक वगळता बाकीचे झाकावेत. ज्या ज्या विभागाला प्रत द्यायची, त्या प्रत्येक प्रतीत एक वेगळी बनावट नोंद मुद्दाम घालावी, म्हणजे गळती झाल्यास कोणती प्रत फुटली ते कळते; लेखकाच्या हातून नकळत घडलेली चूकच येथे रीत म्हणून सुचवली आहे. बदली झालेल्या लिपिकाचे लॉगिन त्याच दिवशी बंद करावे. जन्मतारीख हा पासवर्ड असू नये, अनोळखी लिंक उघडू नये, इत्यादी गोष्टी सर्वांनाच ठाऊक आहेत. पैसे गेल्यास आधी १९३० या क्रमांकावर कळवावे, प्राचार्यांची परवानगी नंतर घ्यावी. त्या विद्यार्थिनीला अर्ज ‘योग्य मार्गाने’ देण्यास सांगण्यात आले आणि त्यात दोन दिवस गेले.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी पाळावयाचा सायबर जागरूकता दिवस त्या महाविद्यालयातही पाळला जातो: एक व्याख्यान, एक बॅनर आणि नॅक मूल्यांकनाच्या फायलीसाठी छायाचित्रे. त्याऐवजी, चूक कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे एक परिपत्रक काढले असते, तर अधिक उपयोग झाला असता, कारण शिक्षेच्या भीतीने दडवलेली गळती वाढतच जाते.

सरकलेले नाव पुढच्या सत्राच्या तक्त्यात दुरुस्त झाले. नोटीस मागे घेतल्याचे पत्र अद्याप आलेले नाही.