शिंकांचं मूळ गादीत

प्रश्न : आमच्याकडे दिवसातून दोनदा केर निघतो, फरशी रोज पुसली जाते. तरी सकाळी उठल्या उठल्या मला सटासट शिंका येतात, नाक गळतं. ऑफिसात पोचलं की सगळं थांबतं. धूळ आणखी किती काढायची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फरशीचा पिच्छा आता सोडा. शिंका उठल्या उठल्या येतात, म्हणजे रात्रभर तुमचं नाक कशाला टेकलेलं असतं ते आधी बघायला हवं. गादी, उशी आणि पांघरुणात ‘डस्ट माइट’ नावाचे आठ पायांचे जीव असतात. कोळ्याच्या गोतावळ्यातले, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे. ढेकणासारखे ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा माइट आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं.

हा प्राणी पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांखाली राहिली तर तो वाळून मरतो. पण पावसाळ्यात तुमच्या भागात ती ८० टक्क्यांच्या आसपास असते! म्हणजे चार महिने त्यांची चंगळ. पुढे हवा कोरडी झाल्यावर माइट कमी होतात, विष्ठा मात्र गादीतच राहते. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या झटकताना घरातलं कोणीतरी हमखास शिंकत सुटतं ते यामुळेच.

तेव्हा चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. गार पाण्यात विष्ठा बरीचशी निघून जाते, पण माइट तगतात. गादीला गच्चीवर कडक ऊन द्यायची जुनी रीत चांगलीच आहे. फक्त ऊन दिल्यावर ती तिथेच झोडपून काढा, आणि ते काम ज्याला ॲलर्जी नाही त्याच्याकडे द्या. उरलं झाडूचं. कोरड्या झाडूने बसलेली धूळ उडते. माइटच्या विष्ठेचे कण त्यातल्या त्यात जड, अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात. तेवढा वेळ त्या खोलीत थांबू नका. हे कण हवेत फार टिकत नाहीत, म्हणून माइटसाठी महागडा एअर प्युरिफायर घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं.

बाजारात माइटरोधक खोळी मिळतात. त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये दम्याच्या हजाराहून जास्त प्रौढ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२००३) नुसत्या खोळींनी फरक पडला नव्हता. ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी आणि स्वयंपाकघरातली झुरळं यांचीही ॲलर्जी असू शकते, आणि मच्छर कॉइलचा धूर आधीच चिडलेल्या नाकाला आणखी चिडवतो. त्यामुळे आठ-दहा आठवडे हे सगळं करूनही शिंका तशाच राहिल्या, किंवा छातीत घरघर सुरू झाली (मग तर एक दिवसही थांबू नका), तर डॉक्टरांना दाखवा. ते त्वचेवरची ॲलर्जी चाचणी सुचवतील. त्याआधी काही दिवस शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा कोणती गोळी चालू आहे ते तारीख घेतानाच सांगा.